झग्याचं दुसरं टोक

कडकमावशीचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, आणि तिलाही त्याचं सुखदुःख नव्हतं. तिच्या हातून गेलेला सदरा खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला तर कुणी बसलंय असं वाटावं, म्हणून ती कडक. जिभेनंही तशीच, म्हणून दुप्पट कडक. नवरा गेला तेव्हा त्याची कोळशाची जड इस्त्री तिनं उचलली, ती अजून काही खाली ठेवली नव्हती. घरोघरी विजेच्या इस्त्र्या आल्या तरी मावशीचं गिऱ्हाईक हललं नाही. "विजेनं कपडा गरम होतो, सरळ होत नाही," असं ती म्हणायची. हे खरं की खोटं ते पडताळून बघायची कुणाची छाती नव्हती.

चुरगळलेलं काही म्हणून तिला बघवत नसे. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाची कॉलर दुमडलेली दिसली, तर दुकानातून हात लांब करून ती सरळ करायची. माणूस आधी दचकायचा, मग ओशाळून हसायचा. एकदा तिनं एका पोलिसाची केली. तो तर पुढे तिथूनच गणवेशाला इस्त्री करून घ्यायला लागला.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी खोली. तोंडाशी जाड लाकडी टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटांचे थर, वर पांढरी चादर. मागे राहायच्या दोन खोल्या, आणि बाजूला रस्त्यालगत नळ आणि कपडे धुवायचा दगड. या एवढ्या संसारात मुलगा वाढला, लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, लांबच्या देशात गेला आणि तिकडेच लग्न करून मोकळा झाला. लग्न मावशीनं फोनवर पाहिलं. फोनवर माणसाची उंची कळत नाही. त्यामुळे मुलगा पहिल्यांदा बायकोला घेऊन आला आणि सूनबाई टॅक्सीतून उतरायला लागली, तेव्हा ती उतरतच राहिली. संपेचना. मावशीचं डोकं तिच्या कोपराला लागत होतं. केस तांब्याच्या तारेसारखे, आणि चेहऱ्यावर, हातांवर, मानेवर जिकडे बघावं तिकडे बारीक ठिपके.

"हिला काही झालंय का?" मावशीनं हळूच विचारलं.

"जन्मापासून आहेत ते, आई. तिकडे निम्म्या लोकांना असतात."

"बरं, बरं. मी आपलं विचारलं."

त्याच संध्याकाळी, सूनबाई आत बॅगा उघडत असताना, मुलानं मावशीच्या टेबलाशी उभं राहून खरी गोष्ट सांगितली. त्याच्या जुन्या मित्राला इथे लिफ्टदुरुस्तीचा धंदा काढायचा होता आणि त्याला भागीदार हवा होता. मुलाच्या मनात परत यायचं होतं.

"मग ये की. अडलंय कुठं?"

"तिला करमलं पाहिजे. मी ओढून आणणार नाही."

"आणि नाही करमलं तर?"

"तर मग तिकडेच, आई. कायमचं."

मावशी "बरं" म्हणाली आणि बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली. पण ते "कायमचं" ऐकल्यावर तीच बाही तिनं तीनदा दाबली. दुसऱ्या दिवशी मुलगा मित्राबरोबर कामं बघायला पलीकडच्या शहरात गेला. घरात राहिल्या सासू आणि सून. सुनेला आपल्या भाषेतले शब्द येत होते ते म्हणजे "आई", "हो", "नको" आणि "छान". सासूला तिकडच्या भाषेतला एकही येत नव्हता, आणि ती शिकेल असं लक्षणही नव्हतं.

आता गल्लीचं सांगायला हवं. गल्ली वाईट नव्हती, फक्त रिकामटेकडी होती. पहिल्याच सकाळी दुकानासमोर रांग लागली. ज्यांच्या घरात वर्षभर इस्त्रीचं नाव कुणी काढलं नव्हतं, ते उशीचे अभ्रे घेऊन आले. कोपऱ्यावरचा औषधवाला सकाळी एक सदरा देऊन गेला, दुपारी घेऊन गेला, आणि संध्याकाळी तोच सदरा मुद्दाम बसून चुरगळून परत घेऊन आला. समोरच्या माडीवरची चष्मेवाली काकू तर पायपुसणं घेऊन आली.

"याला इस्त्री?" मावशीनं विचारलं.

"पाहुणेरावळे येतात हो," काकू म्हणाली. तिची नजर मावशीच्या खांद्यावरून आत गेलेली. "उठल्या का सूनबाई?"

सूनबाईच्या देशात म्हणे अशी रीत होती, की अनोळखी माणसाशी नजरानजर झाली तर ओठ जरा ताणून हसायचं, मान हलवायची, की विषय संपला. दोघं आपापल्या वाटेनं. आपल्याकडे हसणं म्हणजे विषय सुरू झाला. तेव्हा सूनबाई ज्याच्या त्याच्याकडे बघून हसत सुटली, आणि प्रत्येकाला वाटलं आपल्याशी ओळख झाली. पेपरवाला, ज्यानं वयाच्या चाळिशीपर्यंत केसांना कंगवा लावला नव्हता, तो भांग पाडून यायला लागला. औषधवाल्यानं बायको आणली, मेहुणी आणली, मेहुणीची शेजारीण आणली. चौघांनी सूनबाईबरोबर फोटो काढून घेतले. सगळ्यांत उंच व्यक्ती मधे घेतल्यानं प्रत्येक फोटोत बाकीचे तिला टेकू दिल्यासारखे दिसत होते. शेवटी औषधवाल्यानं खिशातून एक मलमाची ट्यूब काढली आणि अदबीनं तिच्या हातात ठेवली. "ठिपक्यांवर," त्यानं स्वतःच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. "रोज रात्री."

"छान," सूनबाई म्हणाली आणि हसली.

या हो-छान-हसण्यानं पुढे घोळ घातला. चष्मेवाल्या काकूनं एका दुपारी सूनबाईला गाठलं आणि दोन्ही हातांनी पाळणा हलवून, मग पोटाकडे बोट दाखवून, भुवया उंचावून प्रश्न विचारला. सूनबाईला काय कळलं देव जाणे. ती मान हलवून "हो" म्हणाली. संध्याकाळपर्यंत मावशीकडे लोणच्याच्या बरण्या यायला लागल्या.

"हे कशाला?"

"अगं, आम्हाला परकं समजतेस का? एवढी गोड बातमी आणि आम्ही दुसऱ्यांकडून ऐकायची?"

मावशीनं मुलाला फोन केला. मुलानं बायकोला विचारलं. बायको म्हणाली, तिला वाटलं काकू विचारतेय की पोट भरलं का आणि झोप लागते का. बरण्या परत करायला मावशीला अख्खी गल्ली पालथी घालावी लागली. एक बरणी तिनं ठेवून घेतली, कारण लोणचं खरंच चांगलं होतं.

हसण्यावारी नेलं तरी मावशीच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. सूनबाईचं हसू दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. आधी ती दुकानात स्टूल टाकून बसायची. मग ती मधल्या खोलीत बसायला लागली. मग जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला लागली. मावशीच्या घरात दार लागायचं ते फक्त घराला कुलूप घालताना. माणसं घरात असताना दार लावायचं म्हणजे एकतर कपडे बदलायचे, नाहीतर भांडण झालेलं. पहिल्या दिवशी मावशी त्या बंद दाराबाहेर पाट टाकून बसून राहिली, आपलं काय चुकलं ते आठवत.

"आई, दार लावलं म्हणजे राग नाही," मुलगा फोनवर म्हणाला. "ती निजली असेल."

"निजायला दार कशाला लागतं? डोळे मिटले की झालं."

मुलगा हसला. पण मग त्याचा आवाज बदलला. "करमतंय ना गं तिला?"

"न करमायला काय झालं? गल्लीभर ओळखी झाल्यात," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ निखाऱ्यांवर फुंकर घालत बसली.

काहीतरी करायला हवं होतं. पण मावशीला बोलता येत नव्हतं, म्हणजे त्या भाषेत. तिला एकच भाषा येत होती, ती इस्त्रीची. ज्या माणसावर जीव असेल त्याचे कपडे ती स्वतः धुऊन, स्वतः इस्त्री करून, घडी घालून उशाशी ठेवायची. मुलगा परदेशी निघाला तेव्हा तिनं त्याच्या हातरुमालांनासुद्धा इस्त्री केली होती. तर एके सकाळी सूनबाई अंघोळीला गेली, आणि मावशीनं तिचं कपाट उघडलं.

कपड्यांत तसं काही लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं. पण एका कोपऱ्यात, एका पातळ पिशवीत, मावशीला जे दिसलं ते बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. एक निळा झगा. चांगला सुती, दाट विणीचा, रंग असा की संध्याकाळ उतरावी. आणि तो कुणीतरी दोरखंडासारखा पिळून, वेटोळं करून, दोरीनं बांधून ठेवलेला. सोडला तर वरपासून खालपर्यंत नुसत्या चुण्या. पोरीला कुणी साधी घडी घालायला शिकवली नाही, मावशीच्या मनात आलं. आई लवकर गेली तिची, हे मुलानं मागे सांगितलं होतं. कोण शिकवणार?

मावशीनं त्या दिवशी दुकानाचं बाकी काम बाजूला सारलं. औषधवाल्याला तर दारातूनच परत पाठवलं. झग्यावर पाणी शिंपडलं, मुरवलं, निखारे बेताचे केले आणि लागली कामाला. त्या चुण्या साध्या नव्हत्या. एक दाबावी तर शेजारची डोकं वर काढायची. जन्मात इतकी हट्टी चुणी तिला भेटली नव्हती. पण मावशीही काही कमी हट्टी नव्हती. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा झगा टेबलावर असा पसरला होता की वाटावं निळा कागद अंथरलाय. तिनं काठाला काठ जुळवून घडी घातली आणि दोन्ही हातांवर घेऊन आत गेली.

सूनबाईनं घडी बघितली. आधी ओळखलीच नाही. मग उलगडली. मग तिनं झग्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, काहीतरी पडलंय आणि ते चाचपून शोधावं तसा. तिचा चेहरा ठिपक्यांमागे पांढराफटक पडला. त्यातही ती मावशीकडे बघून हसली, आणि "छान" म्हणाली.

तसलं "छान" मावशीनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. सूनबाई आत गेली, आणि दार लागलं.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"आई, तू तिच्या निळ्या झग्याला इस्त्री केलीस?"

"केली. जाळला नाही काही. कुणी सांगितलं तुला जाळला म्हणून?"

"जाळला असं कोण म्हणतंय? आई, त्याला इस्त्री करायचीच नसते. त्या चुण्या मुद्दाम केलेल्या असतात. ओला झगा दोन बाजूंनी पिळून बांधतात आणि वाळवतात. तिकडे तसेच घालतात."

"चुण्या? मुद्दाम?" मावशीला हे असं वाटलं, की कुणी मुद्दाम दुधात मीठ टाकतं.

"हो. आणि..." मुलगा थांबला. "तो तिच्या आईनं पिळलेला होता. शेवटचा. त्यानंतर तिनं तो धुतलाच नाही. वर्षातून एकदा घालायची आणि तसाच परत बांधून ठेवायची. त्या चुण्या आईच्या हातच्या होत्या."

मावशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, ऐकतेयस ना?"

"मला सांगायला नको होतं का रे?"

"काय सांगायचं? मलाच आज कळतंय. ती रडतेय, आणि म्हणतेय आईंना बोलू नकोस, त्यांनी मायेनं केलं."

हे शेवटचं ऐकून मावशीला जास्तच लागलं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला आणि भर दुपारी दुकानाची फळी पाडली. गल्लीत हा हा म्हणता बोभाटा झाला. मावशीनं सुनेचा लग्नातला पोशाख जाळला, इथपासून सून विमानाचं तिकीट काढायला बसलीय, इथपर्यंत बातमी पोचली. चष्मेवाली काकू माडीवरून अर्धी खाली वाकली होती. अजून वीतभर वाकली असती तर तीच बातमी झाली असती.

मावशीनं मधल्या खोलीतल्या खाटेवर पडलेला झगा उचलला. सूनबाईनं तो तिथेच सोडला होता, मावशीनं घातलेल्या घडीवर परत घडी घालून. मुलानं काय सांगितलं ते मावशीनं मनात घोळवलं. ओला. दोन बाजूंनी. पिळून. मग ती बाहेर नळावर गेली, झगा बादलीत बुडवला, त्याचं एक टोक नळाला बांधलं, दुसरं दोन्ही मुठींत धरलं आणि पिळायला लागली. जन्मभर ज्या हातांनी चुण्या मोडल्या, त्यांना चुण्या घालता येईनात. झगा कुठे जाडा तर कुठे बारीक, एकीकडे गाठ तर एकीकडे पोकळ. मावशीनं सोडला, परत भिजवला, परत पिळला. कपाळावरून घाम आणि नळाचं पाणी मिळून ओघळत होतं. बघता बघता नळाभोवती माणसं जमली. औषधवाला, पेपरवाला, काकू, आणि कुठे निघालेत हे विसरलेले दोघेतिघे वाटसरू.

"जपून हो मावशी, नळ निघेल."

"तुझ्या बापाचा आहे का नळ?"

पाण्याच्या आवाजानं की बोलण्याच्या, आतलं दार उघडलं. सूनबाई बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनं मावशीला बघितलं, नळाला बांधलेल्या झग्याला बघितलं, जमलेल्या लोकांना बघितलं. या वेळी ती कुणाकडेही बघून हसली नाही. ती नळापाशी आली, गाठ सोडली आणि ते टोक स्वतःच्या हातात घेतलं. दुसरं टोक मावशीच्या हातात होतं.

तिनं झगा आधी ताणायला लावला. मग मावशीची बोटं धरून दाखवलं, की कापड वरून असं चिमटीत गोळा करत यायचं, बारीक बारीक, घाई नाही. मावशीनं केलं. मग दोघी लांब उभ्या राहिल्या आणि सूनबाई पिळायला लागली. तिनं उजवीकडे फिरवलं, तर मावशीनं आरशात बघावं तसं तिच्याकडे बघून तिकडेच फिरवलं. झगा नुसता गोल गोल फिरत राहिला. पीळ काही बसेना.

"नको," सूनबाई म्हणाली.

मावशीनं आणखी जोरात, त्याच बाजूला फिरवलं.

"नको, आई, नको," सूनबाई खेकसली. चांगली कपाळाला आठ्या घालून, पाय आपटून, घरातल्या माणसावर खेकसावं तशी. आणि पुढे स्वतःच्या भाषेत दोन-चार वाक्यं सुनावली, ज्यांत गोड असं काही नव्हतं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कडकमावशीला या आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं. काकूनं चष्मा नीट केला.

मावशीच्या छातीवरचं ओझं मात्र निम्मं उतरलं. इतके दिवस ही पोर पाहुणीसारखी हसत होती. आज पहिल्यांदा रागावली. "बरं बाई, बरं," ती म्हणाली. "उलटं फिरवते. ओरडतेस कशाला?"

"मावशी, उलटं, तुमच्या उजवीकडे," औषधवाला म्हणाला.

"कळलं मला. तू मधे ये. हे बघ, मधे झोळ पडायला लागलाय, तिथे धर."

सूनबाईनंही त्याच्याकडे बोट केलं आणि झग्याच्या मधोमध दाखवलं. ज्यानं आठवडाभर नुसतं बघितलं होतं, तो औषधवाला बाह्या सरसावून आला आणि मधे धरून उभा राहिला. त्याच्या सदऱ्यावर निळं पाणी निथळत होतं, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. पेपरवाल्यानं गठ्ठा बांधायची दोरी दिली. झगा पिळत पिळत आखडत गेला, दोघी जवळ जवळ येत गेल्या, आणि शेवटी दोघींच्या चार हातांत एक ओलं, घट्ट वेटोळं उरलं. सूनबाईनं दोरी गुंडाळली. गाठीवर मावशीनं बोट धरलं.

पिळलेला कपडा वाळायला वेळ लागतो. तोवर मुलगा परत आला. सूनबाई दुकानातल्या स्टुलावर बसली होती. कुणी टक लावून बघितलं तर तीही टक लावून बघायची, समोरचा नजर फिरवेपर्यंत. हे तिला मावशीनं शिकवलं होतं.

वेटोळं सोडलं ते टेबलावर. झग्याच्या एका बाजूला केसांसारख्या नाजूक चुण्या उतरल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या मात्र जाड, ठसठशीत, दोन बोटं मावतील अशा. ही बाजू कुणाची ते सांगायची गरज नव्हती. सूनबाईनं तिच्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" मावशीनं विचारलं.

"म्हणतेय, तिच्या आईचा हात हलका होता. तुझा फार जड आहे."

"खरंच आहे. परत भिजवू का?"

मुलानं विचारलं. सूनबाईनं मान हलवली आणि बरंच काही बोलली, झग्याकडे बघत. मुलगा ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"नको म्हणते. राहू दे म्हणते असाच. आई गेल्यावर तिनं तो धुतला नाही, त्याला हेही कारण होतं म्हणे. तो एकटीला पिळता येत नाही. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं."

"आणि तू रे? तू काय शोभेला होतास?"

"मला कधी सांगितलंच नाही. मी धरला असता तर फाडला असता, म्हणते." मुलानं घसा साफ केला. "आई, तिकडचं घर सोडायला जरा वेळ लागेल. पावसाळा संपेल बहुतेक."

मावशीनं "बरं" म्हटलं. एवढंच. मग तिनं पाठ फिरवून गठ्ठ्यातला वरचा अभ्रा ओढला, टेबलावर पसरला आणि इस्त्री उचलली. त्यातले निखारे कधीच विझले होते. मुलाला ते दिसलं, सूनबाईलाही दिसलं. मावशी त्या थंड इस्त्रीनं अभ्र्याच्या चारही कोपऱ्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली.